कार्ल्सरूहेचा उन्हाळा आणि सोलापूरचं माळवद

घरात तापमापक असेल तर या उन्हाळ्यात एक प्रयोग करून बघा. दिवसभर कडक ऊन पडलं की रात्री अकरा वाजता आधी खिडकीबाहेरचं तापमान वाचा, मग आतलं. आम्ही कार्ल्सरूहेच्या झ्यूडश्टाट भागात चौथ्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली राहतो. गेल्या जुलैत एका रात्री आमच्याकडे बाहेर २२ अंश होतं आणि आत ३१. खाली अंगणात शेजारी अंगावर जॅकेट ओढून बिअर पीत बसले होते आणि मी, जन्माने सोलापूरकर, मानेवर ओला टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात फरशीवर. सोलापुरात ४३ अंश बघितलेल्या मुलीला जर्मनीत उकाड्याने झोप येत नाही, हे ऐकून आई फोनवर पोटभर हसली.

हसण्यासारखं आहेच, पण कार्ल्सरूहेला कमी लेखू नका. ऱ्हाईनच्या वरच्या खोऱ्यातला हा पट्टा जर्मनीतला सगळ्यात उबदार. एका बाजूला ब्लॅक फॉरेस्ट, दुसऱ्या बाजूला वोज पर्वत, मध्ये सपाट खोरं, त्यामुळे उन्हाळ्यात हवा इथे साचून राहते. ऑगस्ट २००३ मध्ये इथल्या वेधशाळेने दोन वेळा ४०.२ अंशांची नोंद केली. तो तेव्हा जर्मनीचा उच्चांक होता आणि २०१५ पर्यंत मोडला नव्हता. कोपेनच्या हवामान वर्गीकरणात सगळ्यात उष्ण महिन्याची सरासरी २२ अंशांवर गेली की दमट उपोष्ण हवामानाची हद्द सुरू होते. इथली जुलैची दीर्घकालीन सरासरी अजून तिच्या खाली आहे, पण ऑगस्ट २००३ किंवा जुलै २००६ सारखे महिने ती ओलांडून गेलेत. थोडक्यात, हे शहर उपोष्ण प्रदेशाच्या उंबरठ्यावर उभं आहे आणि त्याची घरं मात्र हिवाळ्यासाठी बांधलेली आहेत.

इथे बहुतेकांची गल्लत होते. माझीही झाली होती. आपल्याला वाटतं की भिंतीत आणि छपरात कोंबलेलं ते जाड उष्णतारोधक अस्तर उन्हाळ्यात आपल्याला उकडवतं. अस्तराला बाहेर-आत कळत नाही. ते दोन्ही दिशांनी उष्णता अडवतं, म्हणजे उन्हाळ्यातही ते आपल्याच बाजूचं असतं. खरी वाट काचेतून आहे.

सूर्याचा प्रकाश म्हणजे आखूड लांबीच्या लहरी. काच त्यांना जवळपास बिनबोभाट आत सोडते. आत आल्यावर त्या फरशीवर, सोफ्यावर, तुमच्या पुस्तकांवर पडतात, त्या वस्तू तापतात आणि तापलेल्या वस्तू उष्णता परत फेकतात ती लांब लहरींच्या, म्हणजे अवरक्त किरणांच्या रूपात. या लांब लहरींना काच दारातच अडवते. (जाता जाता: प्रकाशाच्याच कुळातल्या विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत पहिल्यांदा निर्माण करून पकडल्या त्या हाइनरिश हर्ट्झने, १८८० च्या दशकात, इथल्याच तंत्रविद्यालयात. आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं.)

आता साधा हिशेब करू. आमच्या छपरातल्या दोन खिडक्यांची काच मिळून तीन चौरस मीटर. दुपारच्या उन्हात त्या तिरप्या काचेवर दर चौरस मीटरला ७०० वॅट धरा. दुहेरी काच त्यातलं साधारण साठ टक्के आत सोडते. ७०० गुणिले ३ गुणिले ०.६, म्हणजे १२६० वॅट. भर जुलैत दुपारभर घरात इस्त्री चालू ठेवल्यासारखं झालं की हे!

मी काय केलं असेल? जे तुम्हीही केलं असेल तेच. आतून जाड पडदा लावला. पण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. आतला पडदा ढोबळमानाने पाव हिस्सा उष्णता कमी करतो, तर तसाच आडोसा काचेच्या बाहेर असेल तर पाऊण हिस्सा. १२६० चे आतून ९५० होतात, बाहेरून ३१५. पडदा तोच, जागा फक्त एक वीत इकडची तिकडे. इथल्या खालच्या मजल्यांवरच्या जुन्या घरांना बाहेरून लाकडी झडपा किंवा गुंडाळून खाली येणारे रोलाडेन असतात ते याचसाठी. आमच्यासारख्या माळ्यावरच्या भाडेकरूंना मात्र ते सुख नसतं, कारण हे माळे मुळात राहण्यासाठी नव्हतेच. तिथे कपडे वाळत घालायचे.

पश्चिमेचं ऊन

शहराच्या दक्षिणेला डामरश्टॉक नावाची वसाहत आहे. कार्ल्सरूहेला आलात तर जरूर बघा. १९२९ साली वाल्टर ग्रोपियसच्या देखरेखीखाली ती उभी राहिली. ओटो हेस्लरसारखे इतरही वास्तुकार होते. पांढऱ्या, सपाट छपरांच्या इमारतींच्या समांतर रांगा, बहुतेक सगळ्या उत्तर-दक्षिण. त्यामुळे प्रत्येक घराला एक बाजू पूर्वेची आणि एक पश्चिमेची. झोपायच्या खोल्या पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन तिकडे. बैठकीची खोली पश्चिमेला, म्हणजे कामावरून आल्यावर संध्याकाळचं ऊन तिकडे. अंधाऱ्या, ओल धरलेल्या चाळींतून आलेल्या कुटुंबांना ऊन आणि हवा मोजून वाटून द्यायची, हा त्यामागचा विचार होता आणि क्षयरोगाच्या त्या काळात तो योग्यच होता. तरी अडॉल्फ बेहने या समीक्षकाने पुढच्याच वर्षी टीका केली की इथे माणसाने झोपायचं पूर्वेकडे तोंड करून आणि जेवायचं पश्चिमेकडे, असा जणू हुकूमच आहे.

मला त्या रांगा आवडतात, पण आज जुलैतल्या संध्याकाळी सहा वाजता तिथल्या पश्चिमेच्या खोलीत बसून बघा. सूर्य क्षितिजापासून बऱ्यापैकी खाली आलेला असतो आणि काचेवर जवळपास सरळ आदळतो. खिडकीवर छज्जा काढून इथे उपयोग नाही, किरण त्याच्या खालून येतात.

दक्षिणेकडे मात्र छज्जा कमाल करतो. ४९ वं अक्षवृत्त कार्ल्सरूहेतूनच जातं. २१ जूनला दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ६४ अंशांवर असतो, २१ डिसेंबरला जेमतेम १८ अंशांवर. दीड मीटर उंचीच्या दक्षिणेच्या खिडकीवर पाऊण मीटरचा छज्जा असेल तर जूनमधलं दुपारचं ऊन काचेला शिवतही नाही आणि डिसेंबरमधलं थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. वीज नाही, सेन्सर नाही. फक्त भूमिती.

हे सगळं मी वाचत होते त्याच आठवड्यात भावाने व्हॉट्सअॅपवर नकाशा पाठवला. सोलापूरचं आमचं जुनं माळवदाचं घर पाडून तिथे नवीन बांधायचं ठरलं होतं. पैसे अर्धे माझे. आणि नकाशात, पश्चिमेच्या रस्त्याकडे तोंड करून, हॉलला अख्खी बारा फूट रुंद, न उघडणारी काच. ‘जर्मन स्टाइल,’ भावाने खाली लिहिलं होतं.

तुमच्यापैकी किती जणांच्या फोनमध्ये असा एखादा नकाशा पडलेला आहे, मला माहीत नाही. बऱ्याच जणांच्या असावा. आपण इथून पैसे पाठवतो, मत देतो, टाइल्सचे रंग निवडतो. त्या घरात मे महिना काढायचा असतो तो मात्र आईवडिलांना. आमचे बाबा ७८ वर्षांचे आहेत, हृदयाचं औषध चालू आहे आणि नव्या घरात त्यांची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली ठेवली होती. २००३ च्या त्या लाटेत युरोपभर सत्तर हजारांहून जास्त माणसं दगावली आणि त्यांत वयस्कर लोक फार होते. दुपारची उष्णता शरीर एकवेळ झेलतं, पण रात्रीही सुटका झाली नाही की हृदयावरचा ताण उतरतच नाही. म्हणून रात्री अकरा वाजताचा आकडा दुपारच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा.

माळवदाला काय कळत होतं

माळवद न पाहिलेल्यांसाठी सांगते. जाड भिंतींवर लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि त्याच्यावर वीतभर किंवा जास्तच मातीचा थर. छतात उजेडासाठी एक भोक, त्याला आमच्याकडे साणे म्हणतात. सोलापूर, मराठवाडा या भागात गावंच्या गावं अशी होती. खानदेशात त्याच जातीच्या घराला धाब्याचं घर म्हणतात.

भर दुपारी आत शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. का? उष्णता जाड मातीतून एकदम पार होत नाही, ती लाटेसारखी पुढे सरकते आणि सरकताना विझत जाते. मातीच्या ४५ सेंटीमीटर भिंतीसाठी ढोबळ गणित मांडलं तर दुपारची उष्णतेची लाट आतल्या बाजूला पोचायला बारा-चौदा तास लागतात आणि पोचते तेव्हा मूळ चढउताराचा फार तर विसावा-तिसावा हिस्सा उरलेला असतो. म्हणजे दुपारी दोनचं ऊन आत पोचतं ते पहाटे, तेही थकून. याउलट बारा सेंटीमीटरच्या काँक्रीट स्लॅबमधून तीच लाट साडेतीन तासांत आत येते आणि तिचा दोन-पंचमांश जोर शिल्लक असतो. दुपारी एक-दीडला तापलेला स्लॅब संध्याकाळी पाचला तुमच्या डोक्यावर भाजायला लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत भाजत राहतो. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे प्रयोगाविना माहीत आहे.

पण जाड मातीची एक अट आहे, ती म्हणजे रात्र थंड हवी. दिवसभर साठलेली उष्णता रात्री कुठेतरी रिकामी झाली पाहिजे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दिवसा ४० आणि पहाटे २५, म्हणजे पंधरा अंशांचा फरक. त्यामुळे दारं-खिडक्या रात्री उघडायच्या, सकाळी नऊला लावून घ्यायच्या. आजी हे करायची तेव्हा मला तो अंधार आवडायचा नाही.

गंमत म्हणजे कार्ल्सरूहेत मला तोच उपाय लागू पडला. बाहेर २२, आत ३१. समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून घरातली हवा तासाला पाच वेळा बदलली, तर दीडशे घनमीटरच्या घरातून सव्वादोन किलोवॅट उष्णता बाहेर जाते. छोट्या एसीचं काम फुकटात. फक्त जर्मन शेजारणीला आरपार वाऱ्याची भीती वाटते. मान आखडते म्हणे. आपण ज्या वाऱ्यासाठी दार उघडं टाकून ओसरीवर झोपलो, त्याला इथे आजार मानतात.

आता याच उत्साहात जाऊन रत्नागिरीत जाड मातीचं घर बांधाल तर फसाल. तिथे मेमध्ये दिवसा ३२-३३ आणि रात्री २६. सहा-सात अंशांच्या फरकात भिंतीला रिकामं व्हायला वेळच मिळत नाही, ती चोवीस तास कोमट राहते. शिवाय हवेत इतकी वाफ, की घाम वाळत नाही. तिथे काम करतो तो वारा आणि सावली. म्हणून कोकणातलं घर उंच जोत्यावर, चहूबाजूंनी पडवी, खाली उतरलेली छपराची पाखी, आणि वर कौलं. कौल पातळ असतं, दुपारी तापतं, पण गरम हवा फटींतून निघून जाते आणि सूर्य बुडाला की तासाभरात छप्पर निवतं. झोपायच्या वेळी डोक्यावर साठवलेलं ऊन नसतं.

त्या मंगळुरी कौलांचा माग काढला तर तो आमच्या दारापर्यंत येतो. एकमेकांत खाच अडकवून बसणारं कौल जिलार्दोनी बंधूंनी आल्टकिर्श इथे केलं, त्याचं पेटंट १८४१ चं. आल्टकिर्श म्हणजे अल्सास, इथून ऱ्हाईनच्या वरच्या अंगाला, बाझलच्या जवळ. आणि बाझल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या माणसाने १८६० च्या दशकात मंगळूरला कारखाना काढून तिथल्या नदीकाठच्या चिकणमातीपासून तसली कौलं भाजायला सुरुवात केली. तिथून ती गलबतांनी कोकणात आली. कार्ल्सरूहेतल्या जुन्या छपरांवर खाचेची तांबडी कौलं दिसली की मला आता परकी वाटत नाहीत. मात्र एक फरक लक्षात घ्या. इथे कौलांच्या खाली अस्तर आणि पक्कं छत असतं, कोकणात खाली मोकळी हवा. वस्तू एकच, काम वेगळं.

भारतातल्या नियमांनाही हा फरक आता कळतो. ‘इको निवास संहिता २०१८’ ही घरांसाठीची ऊर्जा संहिता उघडणाऱ्या खिडक्यांचं किमान प्रमाण ठरवते. उष्ण-कोरड्या भागात चटई क्षेत्राच्या दहा टक्के, उष्ण-दमट भागात साडेसोळा टक्क्यांहून थोडं जास्त. सोलापूर पहिल्यात, रत्नागिरी दुसऱ्यात. छपराच्या उष्णतावहनावर आणि भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या एकूण उष्णतेवरही तिच्यात मर्यादा आहेत. तुमच्या इंजिनिअरला विचारून बघा. आमच्या इंजिनिअरने नाव ऐकलं नव्हतं, पण त्यानेच पुढे सगळ्यात जास्त रस घेतला.

भावाला मी हे सगळं एका लांबलचक व्हॉइस मेसेजमध्ये ऐकवलं. त्याचं उत्तर एका ओळीत आलं: ‘मग तू ये आणि दरवर्षी पावसाआधी माती चढव.’

त्याचं बरोबर होतं. माळवद गळायचं. विंचू निघायचे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. आठ ते दहा हजार माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं अंगावर येऊन गेली. आम्हीही त्या रात्री सोलापुरात घराबाहेर पळालो होतो. दिवसा गारवा देणारं तेच वजन होतं. त्यामुळे ‘आपले पूर्वज किती शहाणे’ असा लेख मी लिहू शकत नाही. काँक्रीटचा सांगाडा हवाच. प्रश्न एवढाच की माळवद जे करत होतं ते काम त्या सांगाड्यात कोणाला द्यायचं.

मग दोन महिने वाद घालून जे ठरलं ते असं. सुरुवात छपरापासून, कारण सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे शून्य सावलीचा दिवस असतो, त्यानंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच. कार्ल्सरूहेत दक्षिणेची भिंत महत्त्वाची, सोलापुरात उन्हाळ्याचं सगळं ऊन छतावर. शंभर चौरस मीटर गच्चीवर भर दुपारी सुमारे शंभर किलोवॅट ऊन पडतं! उघडं करडं काँक्रीट त्यातलं साठ-सत्तर टक्के शोषतं, स्वच्छ पांढरा पृष्ठभाग पंचवीस-तीस टक्के. म्हणून स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर आपला नेहमीचा ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढरं चायना मोझॅक. हे मोझॅक गवंडी पाणी गळू नये म्हणून घालतात, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो आरसाच आहे. धूळ बसली की आरसा आंधळा होतो, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुणं आलंच. बाबांच्या खोलीच्या वर पत्र्याची शेडही टाकली, चारी बाजूंनी मोकळी. पत्र्याच्या खोलीला आपण भट्टी म्हणतो ते खरं, पण स्लॅबच्या वर हात-दीड हात अंतर सोडून उभा केलेला पत्रा म्हणजे छत्री. मधली गरम हवा वाहून जाते. आणि शेवटी आईने एका वाक्यात निकाल दिला की बाबांची खोली खालीच हवी, वर पाहुणे झोपतील.

पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि अडगळीची खोली गेली. ऊन खायचं तर त्यांनी खावं. भिंतींच्या वरच्या अंगाला झरोके आले, जाळी आणि गज लावून, म्हणजे रात्री डास आणि चोर दोघांची काळजी न करता उघडे राहतील.

हॉलच्या काचेवर मात्र भाऊ अडून बसला. त्याला तिथून सूर्यास्त बघायचा आहे, आणि वर्षातले आठ महिने तो बघण्यासारखा असतो हे मलाही मान्य. बारा फुटांची पाच फूट झाली, उघडणारी झाली. बाहेरून रोलाडेन लावायचं मी सुचवलं, कार्ल्सरूहेतले फोटो पाठवले. स्थानिक फॅब्रिकेटरने ते बघून दुकानाचं शटर लावून देतो म्हणून सांगितलं. आता बाहेरच्या बाजूने बांबूचा चिक लागणार आहे, दोरीने वरखाली होणारा. पाच वर्षांनी सडेल, तेव्हा नवा आणायचा.

इकडे मी घरमालकाला पत्र लिहिलंय, छपरातल्या खिडक्यांना बाहेरून पडदे बसवायची परवानगी मागून. हे पडदे भिंतीला भोक न पाडता खिडकीच्या चौकटीला अडकतात, तयार मिळतात, भाडेकरूंनी जरूर चौकशी करावी. सहा आठवडे झाले, उत्तर नाही. काल छत्तीस अंश होतं, म्हणून जुनी पांढरी चादर काचेच्या बाहेरून अडकवली आणि खिडकी तिच्यावर लावून घेतली. खालची शेजारीण विचारून गेली, कपडे वाळत घातलेत का?